मनासारखा चहा: एका वेळी एकच बदल

चहा बिघडला की आपण आधी पूड बदलतो. खरं तर आधी पाणी बघावं. बोअरच्या जड पाण्यात चहा काळपट उतरतो, वर तवंग धरतो. तीच पूड आपल्या बेळगावच्या नळाला राकसकोप जलाशयातून येणाऱ्या पाण्यात टाकून बघा, रंग लालसर येतो.

दोन कपांसाठी 150 मिली पाणी, 150 मिली दूध, 5 ग्रॅम पूड, 10 ग्रॅम साखर हे मूळ माप धरा. पूड काट्यावरच मोजा. बारीक डस्ट चमच्यात दाटून बसते, दाणेदार पूड पोकळ राहते, म्हणून चमचा तोच असला तरी वजन वेगळं भरतं.

आता मिनिटं. पाणी आणि पूड तिप्पट घ्या. आधण आलं की पूड टाका, झाकण ठेवा, आच मंद करा. 2, 4 आणि 6 मिनिटांनी एकेक कप काढून लगेच गाळा. पूड कपात राहिली तर चहा मुरतच राहतो. साखर न घालता, जरा निवल्यावर चाखा. कडूपणा जिभेला कळतो, तुरटपणा गालांच्या आत; तोंड कोरडं पडल्यासारखं होतं. मग प्रत्येकात तेवढंच गरम दूध घाला. दुधातली प्रथिनं तुरटपणा धरून ठेवतात, त्यामुळे कोरा नकोसा वाटलेला 6 मिनिटांचा चहा दुधात बरेचदा सर्वांत सरस ठरतो. फुळकवणी वाटला तर आधी पूड 1 ग्रॅमने वाढवा. नुसता जास्त कढवला तर रंग चढतो, पण वास उडतो.

बेळगाव सुमारे 750 मीटर उंचीवर आहे, पाणी 97-98 अंशांनाच उकळतं. कोकणातल्या नातेवाइकांनी सांगितलेली मिनिटं इथं पुन्हा जुळवून घ्यावीत.

आलं ठेचून पाण्यातच 3 मिनिटं उकळा. कच्च्या आल्यातला पाचक रस दुधाची प्रथिनं तोडतो, दूध नासतं. गवती चहाची दोन पानं मात्र शेवटच्या मिनिटाला टाका, त्यांचा वास उडून जाणारा.

गूळ उकळत्या दुधात कधीच नको. त्यातल्या आंबटपणानं दूध फाटतं. कपात किसलेला गूळ घ्यावा, गॅस बंद करून चहा मिनिटभर थांबू द्यावा, मग वरून गाळावा. तरीही फाटलं तर गूळ बदलून बघा, जुना गूळ जास्त आंबट असतो.