एक जानेवारीचा व्यायाम जूनच्या पावसापर्यंत कसा टिकवायचा

संकल्प मोडायची कारणं दरवर्षी तीच असतात बघा. थंडी, संक्रांत, पाव्हणे, लग्नं, गावची यात्रा, मग ऊन आणि मग पाऊस. आणि यातलं एकही अचानक येत नाही की, सगळं आधीपासून कॅलेंडरवर छापलेलं असतंय. म्हणून शूज घ्यायच्या आधी, जिमची फी भरायच्या आधी, कॅलेंडर खाली काढा आणि जूनपर्यंत आपला व्यायाम कुठं कुठं अडणार त्या तारखांना पेनानं गोल करा, आणि प्रत्येक गोलाशेजारी त्या दिवशी काय करणार ते दोन शब्दात लिहा. हे काम अर्ध्या तासाचं आहे, पण माझ्या मते बाकी सगळ्या टिप्सपेक्षा याचाच उपयोग जास्त होतोय.

आता किती करायचं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि त्याशिवाय दोन दिवस ताकदीचा व्यायाम. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातले पाच दिवस. मध्यम म्हणजे काय, तर चालता चालता बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही एवढी चाल. रोज १०,००० पावलं झालीच पाहिजेत म्हणून कुणी मोबाईलमध्ये बघून नाराज होऊ नका, तो आकडा १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकताना पुढं आला, डॉक्टरांनी मोजून काढलेला नाही. आणि पहिल्या दिवसापासून १५० मिनिटांच्या मागं लागायचं नाही. पहिले दोन आठवडे १५ मिनिटं चाला, बास. पहिल्याच दिवशी तासभर पळलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय असे धरतात की जिना उतरवत नाही, आणि तिथंच सुटतंय. बीपी, शुगर, हृदयाचा त्रास असेल किंवा चालताना छातीत दुखत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा, यात हयगय नको.

वेळ ठरवताना लोक पहाटे पाचचा अलार्म लावतात. जानेवारीत आपल्या बेळगावकडं सूर्य उगवायला सात वाजतात, बाहेर अंधार, अंगावर काटा आणणारा गारठा, आणि आदल्या रात्री अकराला झोपलेला माणूस पाचला उठणार म्हणजे तो झोपेशी भांडण करून उठणार. किती दिवस करेल? उद्यमबागच्या कारखान्यात शिफ्ट असेल तर शिफ्ट सुटल्यावरची वेळ घ्या, दुकान असेल तर दुपारी बंद असतंय तेव्हाची घ्या, शेतात दिवसभर राबणाऱ्याला चालायचा वेगळा व्यायाम सांगायचीच गरज नाही, त्यानं पाठ आणि खांदे मोकळे करायचे व्यायाम करावेत. आणि वेळ नुसती घड्याळाची ठेवू नका, एखाद्या कामाला बांधा. "संध्याकाळी फिरायला जाईन" असं नाही, तर "शिफ्ट सुटली की घरी न जाता थेट व्हॅक्सिन डेपोच्या ग्राउंडवर जाईन" असं. पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं यावर बरंच काम केलंय, कधी, कुठं आणि काय झालं की काय करायचं हे आधी ठरवलेल्या माणसाकडून ते काम होण्याची शक्यता वाढते. घरी जाऊन चहा घेऊन टीव्हीपुढं बसलेला माणूस परत शूज घालून निघणं लई अवघड, हे आपल्याला सगळ्यांनाच माहीत आहे.

२१ दिवसात सवय लागते असं सगळीकडं सांगतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर अभ्यास झाला होता, त्यात सवय अंगवळणी पडायला मध्यावरचा आकडा ६६ दिवस आला, कुणाला १८ पुरले तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. १ जानेवारीला सुरू केलं तर ६६ वा दिवस ७ मार्चला येतो. म्हणजे जानेवारीच्या शेवटी "अजून मला सवय लागेना" म्हणून हात टेकायचं काहीच कारण नाही, अजून अर्धं अंतरपण झालेलं नसतंय. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा फरक पडत नाही. ही गोष्ट मनात पक्की ठेवा, कारण इथून पुढं चुकायचेच दिवस आहेत.

संक्रांतीचे दोन-तीन दिवस सोडून द्या. भोगीची बाजरीची भाकरी, तीळगूळ, गुळाची पोळी आनंदानं खा, व्यायाम आणि डाएट एकाच महिन्यात सुरू करू नका, दोन्ही जातंय. त्यानंतर थोड्याच दिवसात रथसप्तमी येते, सूर्यनमस्काराचा दिवस. ज्यांचं जानेवारीत सुटलं त्यांनी त्या दिवशी परत सुरू करावं, आणि तेव्हापण जमलं नाही तर गुढीपाडवा आहे. नवीन आठवडा, नवीन महिना, वाढदिवस अशा दिवसानंतर लोक जिमला जास्त जातात हे अभ्यासातपण दिसलंय, आपल्याकडं तर असे दिवस भरपूर आहेत, ते वापरा की.

खरा कस लागतो यात्रेला. गावात लक्ष्मीची यात्रा कितीतरी वर्षांनी येते, घराला रंग, मांडव, पाव्हण्यांची यादी, पुण्या-मुंबईची माणसं घरात, रोज शंभर ताटं. त्या आठवड्यात तासभर ग्राउंडवर जाऊन येतो म्हणणं घरच्यांवर अन्याय आहे, आणि सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेला जाणाऱ्या घरातपण तेच. मग संकल्प बंद करायचा नाही, बारीक करायचा. आंघोळीच्या आधी १२ सूर्यनमस्कार, दहा मिनिटं, झालं. आणि पाव्हणे गेल्यानंतरचा दुसरा दिवस, तोच सगळ्यात धोक्याचा, कारण अंग दुखत असतंय, झोप राहिलेली असते, "सोमवारपासून बघू" म्हटलं की गेलं. त्या तारखेला दोन गोल करा आणि यात्रेच्या आधीच बरोबर चालणाऱ्याला सांगून ठेवा की अमक्या दिवशी मी येणार, नाही आलो तर फोन कर.

आता पाऊस. मृग लागला की ग्राउंडवर चिखल, खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं तर बाहेर पडायची सोयच नाही, आणि सप्टेंबरपर्यंत हेच. चालण्यावरच सगळं उभं केलेला माणूस जूनमध्ये थांबतो तो पुढच्या जानेवारीतच उठतो. यावर उपाय जूनमध्ये नाही, जानेवारीतच करायचा आहे. ते जे दोन दिवस ताकदीचे सांगितले ते पहिल्या आठवड्यापासून घरातच करा, म्हणजे पाऊस येईपर्यंत घरातला व्यायाम नवखा राहत नाही. आपल्या भागात कुस्तीची परंपरा आहे, तालमीत पोरं जोर-बैठका मारून तयार होतात, त्याला मशीन लागत नाही. जमिनीवर जोर निघत नसतील तर भिंतीला हात टेकून काढा. बैठकीत गुडघा दुखत असेल तर खुर्चीवर बसायचं आणि हाताचा आधार न घेता उठायचं, हीपण बैठकच. आठ-दहाच्या दोन फेऱ्यांनी सुरुवात करा, सहज निघायला लागल्या की दोन वाढवा. जिना असेल तर चढ-उतार करा. जिमला जायचंच असेल तर वर्षाची फी एकदम भरू नका, महिन्याची भरा, आणि घराजवळची किंवा कामाच्या वाटेवरचीच बघा, लांबची चांगली जिम पावसात जवळ येत नाही.

शेवटी एक बोलायचंय आणि ते मनापासून बोलतोय. बहुतेक घरात व्यायामाचा संकल्प नवरा करतो आणि त्याचा वेळ बायको सांभाळते, डबा, पोरांची शाळा, सासू-सासऱ्यांचा चहा सगळं तिच्या अंगावर. तिची कंबर, तिची शुगर, तिचं वजन याचा विचार कोण करणार? तिलापण आठवड्याला तेवढीच १५० मिनिटं पाहिजेत, घरकामात दमणं वेगळं आणि दम लागेल अशी चाल वेगळी. तेव्हा १ तारखेच्या आधी घरात बसून ठरवा, तिच्या अर्ध्या तासात कुकर कोण लावणार, पोरांचा अभ्यास कोण घेणार. पाच दिवस नाही जमलं तर आठवड्याला तीन दिवस धरून सुरू करा, पण ते तीन वार ठरलेले पाहिजेत, आणि त्या वेळात तिला हाक मारायची नाही.