रस्ता आणि ड्रॅग स्ट्रिप, दोन्हीसाठी जुन्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कसा निवडावा

शेवर्लेची 1969 ची कॅमॅरो किंवा 1970 ची नोव्हा, आत 350 क्युबिक इंचाचं इंजिन, साधारण 400 हॉर्सपॉवर. शनिवारी ही गाडी ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ धावेच्या शर्यतीच्या पट्टीवर, क्वार्टर माइल, म्हणजे 402 मीटर पळवायची आणि तिनेच रात्री घरी परत यायचं. अशा गाडीला गिअरबॉक्स घेताना बहुतेक जण आधी विचारतात, 'हा किती हॉर्सपॉवर झेपवेल?' हा प्रश्न नंतरचा आहे. आधी पाहायचं ते घरापासून स्ट्रिप किती लांब आहे आणि तो रस्ता किती वेगाने कापायचा आहे. स्ट्रिपवरची धाव बारा-तेरा सेकंदांत संपते. गिअरबॉक्स तापतो आणि झिजतो तो जाण्यायेण्याच्या रस्त्यावर.

आधी कागदावर गणित

ताशी मैलांतला वेग, डिफरन्शियलचा (मागच्या चाकांमधल्या गिअरचा) रेशो, गिअरचा रेशो आणि 336 यांचा गुणाकार करा आणि त्याला टायरच्या इंचातल्या उंचीने भागा. उत्तर म्हणजे इंजिनाचे आरपीएम, म्हणजे मिनिटाला होणारे फेरे. ताशी 65 मैल (105 किमी), 3.73 चा डिफरन्शियल, 27 इंची टायर आणि 1.00 चा टॉप गिअर धरला तर आकडा 3017 येतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना ऑइलमधून जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरला लॉकअप, म्हणजे दोन्ही बाजू घट्ट जोडणारा क्लच, नसेल तर त्याची घसरण त्यावर आणखी. तासभर असं चालवलं की कान बधिर होतात, पेट्रोल संपतं आणि ऑइल तापतं. चौथा गिअर 0.70 चा असेल तर तेच इंजिन 2112 वर चालतं. डिफरन्शियल 3.08 चा केला तर तीन गिअरवरही 2491 मिळतात, पण स्ट्रिपवर सुटतानाचा जोर कमी होतो.

हे गणित स्वतःच्या गाडीचे आकडे घालून करा. टायरची उंची बाजूवर छापलेल्या आकड्यावरून धरू नका. गाडी सपाट जमिनीवर उभी करून टेपने मोजा.

कोणता गिअरबॉक्स कशासाठी

जनरल मोटर्सचा पॉवरग्लाइड दोनच गिअरचा: पहिला 1.76 किंवा 1.82, दुसरा 1.00. वजनाला हलका, आत फिरणारे भाग कमी, म्हणून फक्त स्ट्रिपसाठी बांधलेल्या हलक्या आणि ताकदवान गाड्यांत तो आजही दिसतो. दीड टनाच्या रस्त्यावरच्या गाडीत मात्र सिग्नलवरून निघताना ती ओढत नाही. 3.73 ला 1.76 ने गुणलं तर 6.56 येतं, तेच टर्बो 350 या जनरल मोटर्सच्याच तीन गिअरच्या गिअरबॉक्समध्ये 9.40. रस्त्यावरच्या गाडीला पॉवरग्लाइड घेऊ नये.

टर्बो 350 (2.52, 1.52, 1.00) या कामाचा सगळ्यात सरळ गिअरबॉक्स आहे. स्वस्त, सुटे भाग मुबलक, बनवणारे हात जागोजागी. त्याची कमजोरी म्हणजे दुसऱ्या गिअरचा रोलर क्लच (एकाच दिशेने फिरू देणारा) आणि त्याची रेस, म्हणजे बाहेरची कडी. जोरात शिफ्ट होणाऱ्या गाडीत ती फुटते. ओव्हरहॉलच्या वेळी मजबूत रेस आणि ड्रम घातले की 400 हॉर्सपॉवर निर्धास्त. टर्बो 400 (2.48, 1.48, 1.00) त्याहून दणकट, पण जड, आणि आतले मोठे ड्रम फिरवायला इंजिनाची जास्त ताकद खातो. बिग ब्लॉक (मोठं, जड इंजिन) किंवा शेवर्लेची जड शेव्हेल असेल तर तो घ्यावा. हलक्या नोव्हात टर्बो 350 पुरतो.

चार गिअरच्या दोघांत गल्लत होते. 700आर4 चे रेशो 3.06, 1.63, 1.00, 0.70. पहिला गिअर जबरदस्त, पण 6000 वर दुसऱ्यात शिफ्ट केलं की इंजिन एकदम 3200 च्या आसपास पडतं. टर्बो 350 मध्ये हीच पडझड 3620 वर थांबते. वरच्या आरपीएमवर दम असणारा कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बसवला असेल तर 700आर4 मध्ये दुसऱ्या गिअरला गाडी ढेपाळते, आणि चालवणाऱ्याला वाटतं कार्ब्युरेटर बिघडला. 200-4आर (2.74, 1.57, 1.00, 0.67) मध्ये गिअरांची अंतरं नीट आहेत, तिथे इंजिन 3440 च्या जवळ पडतं. ब्यूकच्या 1986-87 च्या ग्रँड नॅशनलमध्ये टर्बोचार्जरच्या इंजिनामागे हाच होता. मूळ अवस्थेत तो नाजूक आहे, बांधून घ्यावा लागतो. नोव्हासारख्या गाडीला रोजचा हायवे असेल तर आमची पसंती 200-4आरलाच. 700आर4 घ्यायचाच झाला तर 1987 नंतरचा बघा, सुरुवातीचे कच्चे होते.

600 हॉर्सपॉवर आणि लांबचा रस्ता दोन्ही असेल तर 4एल80ई. टर्बो 400 चेच पहिले तीन रेशो, वर 0.75 चा चौथा. पण त्याला इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर लागतो, कार्ब्युरेटरवर थ्रॉटल पोझिशन सेन्सर बसवावा लागतो आणि कॅमॅरोत गाडीच्या मधला बोगदा (गिअरबॉक्सवरचा तळाचा उंचवटा) ठोकून मोठा करावा लागतो.

फोर्डवाल्यांना सी4 (2.46, 1.46, 1.00) हलका पडतो, सी6 जड पण भक्कम. क्रायस्लरमध्ये हलका 904, दणकट 727. 727 बाबत एक गोष्ट जिवाशी गाठ आहे. लो बँड (ड्रम धरून ठेवणारा पट्टा) न लावणारी मॅन्युअल व्हॉल्व्ह बॉडी (आतलं ऑइल वाटणारा भाग, गिअर हाताने बदलायला लावणारा) घालून पहिल्या गिअरमध्ये बर्नआउट करताना, म्हणजे टायर जागीच फिरवून तापवताना, आतला ओव्हररनिंग क्लच (एकाच दिशेने फिरू देणारा) सुटला, तर पुढचा ड्रम इंजिनाच्या कितीतरी पट वेगाने फिरतो आणि बॉम्बसारखा फुटतो. तुकडे बोगद्यातून पायांपर्यंत येतात. लो बँड लावणारी व्हॉल्व्ह बॉडी आणि बोल्ट करून बसवलेला मजबूत क्लच, दोन्ही लागतात.

जुना बाजार पाहताना

गिअरबॉक्स तळाच्या ऑइल पॅनवरून ओळखा. टर्बो 350 च्या पॅनला 13 बोल्ट आणि एक कोपरा छाटलेला चौकोन. टर्बो 400 ला 13 च, पण आकार वेडावाकडा. पॉवरग्लाइडला 14, 700आर4 आणि 200-4आर दोघांना 16, सी4 ला 11, सी6 ला 17. पॅन काढू दिलं तर तळाशी बघा. बोटावर चिकटणारी करडी पूड थोडी असणं स्वाभाविक आहे. चकाकणारे पितळी कण किंवा जळक्या वासाचं काळं ऑइल असेल तर संपूर्ण ओव्हरहॉलचा खर्च धरूनच भाव करा.

पुढचा कास्टिंगचा भाग इंजिनाला बसतो का ते पहा. शेवर्लेचे आणि ब्यूक-ओल्ड्समोबील-पाँटिअॅकचे बोल्ट वेगळ्या जागी असतात. बहुतेक 200-4आर दोन्हींना बसतात, म्हणून पाँटिअॅकवाल्यांना ते सोयीचे. फोर्डच्या 302 इंजिनाला फ्लेक्सप्लेटचा (इंजिनामागची, कन्व्हर्टर जोडायची चकती) बॅलन्स विचारून घ्या: जुन्या इंजिनांना 28 औंस, 1981 नंतरच्यांना 50. चुकीची बसली तर गाडी थरथरते आणि क्रँकचं बेअरिंग जातं.

टॉर्क कन्व्हर्टर

गिअरबॉक्सइतकाच पैसा इथे घालवावा. स्टॉल म्हणजे टर्बाइन अडवून धरलेलं असताना इंजिन जास्तीत जास्त जितक्या आरपीएमपर्यंत चढतं तो आकडा. तो इंजिनाच्या ताकदीनुसार बदलतो, म्हणून बॉक्सवरच्या 2800 वर विसंबू नका. बनवणाऱ्याला गाडीचं वजन, कॅमशाफ्टची माहिती, डिफरन्शियल आणि टायर हे चारही कळवून बनवून घ्या. आपल्या या 350 क्युबिक इंचाच्या इंजिनाला 2400 ते 2800 चा आकडा रस्त्यासाठी सुसह्य आहे. 3500 चा कन्व्हर्टर स्ट्रिपवर मजा देतो, पण रहदारीत अॅक्सिलरेटर दाबला की आधी इंजिन ओरडतं, मग गाडी हलते.

इथे एक सापळा आहे. ओव्हरड्राइव्हमुळे, म्हणजे 1.00 पेक्षा लहान चौथ्या गिअरमुळे, हायवेवर आरपीएम 2100 झाले आणि कन्व्हर्टरचा स्टॉल 2800 असला, तर तो पूर्ण रस्ताभर थोडा थोडा घसरत राहतो. ती घसरण म्हणजे उष्णता. चार गिअरच्या डब्याला लॉकअप कन्व्हर्टर हवाच, आणि तो ब्रेक दाबल्यावर सुटेल अशी वायरिंग हवी. साध्या एका प्लेटच्या लॉकअपला पूर्ण थ्रॉटलवर चालू ठेवू नका, अस्तर जळतं.

बसवताना

कन्व्हर्टर आधी गिअरबॉक्सवर पूर्ण बसवा. आत ढकलत फिरवत राहिलं की तीन वेळा 'टक' होऊन तो टप्प्याटप्प्याने आत जातो. मग गिअरबॉक्स इंजिनाला बोल्ट करा. आता कन्व्हर्टर हाताने फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपासून 3 ते 5 मिमी मागे असला पाहिजे. फिरत नसेल तर बोल्ट घट्ट करून ओढू नका. पंप तिथेच फुटतो आणि कळतं ते पहिल्या स्टार्टला.

लांबीही बघा. 6 इंची शेपटीच्या टर्बो 350 च्या जागी 200-4आर तेवढ्याच लांबीचा बसतो, फक्त मागचा क्रॉसमेंबर सरकवावा लागतो. 700आर4 साधारण 3 इंच जास्त लांब, म्हणून प्रॉपेलर शाफ्ट कापून बॅलन्स करून घ्यावा लागतो. टर्बो 400 आणि 4एल80ई ची मागची शाफ्ट 32 स्प्लाइनची (दात्यांची), जनरल मोटर्सच्या बाकीच्यांची 27, म्हणून योक, म्हणजे प्रॉपेलर शाफ्टचं गिअरबॉक्समध्ये जाणारं टोक, वेगळा. योक आत टेकवून मग 20 ते 25 मिमी बाहेर ठेवा, नाहीतर मागचा धक्का गिअरबॉक्सवर येतो.

200-4आर आणि 700आर4 ची टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल ही केवळ किकडाउनची, म्हणजे अॅक्सिलरेटर दाबल्यावर खालचा गिअर लावणारी, केबल नव्हे. आतला दाब तीच ठरवते. एकाला अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगा, दुसऱ्याने कार्ब्युरेटरजवळ केबल पूर्ण ताणली गेली आहे का ते पाहावं. होली कंपनीच्या कार्ब्युरेटरवर लिव्हरची भूमिती जुळवणारा ब्रॅकेट घ्या. ढिल्या केबलवर नवा गिअरबॉक्स काही दिवसांत जळतो, म्हणून दाबाचा गेज लावून खात्री करून घेणं सगळ्यात बरं. टर्बो 350 आणि 400 मध्ये हे काम व्हॅक्यूम मॉड्युलेटर करतो. मोठ्या कॅमशाफ्टमुळे व्हॅक्यूम कमी असेल तर शिफ्ट उशिरा आणि कडक होतात, आणि मॉड्युलेटरचा पडदा फाटला तर इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल ओढून पांढरा धूर काढतं.

थंडावा आणि सुरक्षा

जुना कूलर आणि पाइप आतून धुऊन घ्या किंवा बदला. आधीच्या जळालेल्या गिअरबॉक्सचा गाळ नव्यात येऊन तोच आजार पुन्हा होतो. रेडिएटरमधल्या कूलरच्या पुढे हवेत स्वतंत्र प्लेटचा कूलर, आणि पॅनमध्ये तापमानाचा सेन्सर बसवा. 80 ते 95 अंश सेल्सिअस हवं. 120 च्या वर गेलं की ऑइल लाख धरायला लागतं. दोन धावांमध्ये गाडी थंड होऊ द्या.

शिफ्टरला रिव्हर्स लॉकआउट (चुकून रिव्हर्स लागू न देणारा) आणि न्यूट्रल सेफ्टी स्विच (गिअरमध्ये असताना इंजिन सुरू होऊ न देणारा) पाहिजेच. प्रॉपेलर शाफ्टभोवती लूप लावा, विशेषतः स्लिक (खाचा नसलेले) टायर वापरणार असाल तर. एनएचआरए या अमेरिकी ड्रॅग शर्यतींच्या संघटनेच्या नियमात वेळेनुसार मागण्या वाढत जातात, म्हणून आपल्या स्ट्रिपचं नियमपुस्तक गाडी घेऊन जाण्याआधी वाचा.

ऑइल सुरुवातीला 4 ते 5 लिटर घालून इंजिन चालू करा, लगेच सगळे गिअर एकेकदा फिरवा आणि पातळी बघत बाकीचं भरा. रिकामा कन्व्हर्टर धरून एकूण 9 ते 10 लिटर लागतं. पातळी गरम झाल्यावर पार्कमध्ये इंजिन चालू ठेवून बघा. जुन्या क्रायस्लरमध्ये मात्र न्यूट्रलमध्ये, कारण पार्कमध्ये कन्व्हर्टर भरतच नाही. खुणेच्या वर अर्धा लिटरसुद्धा घालू नका. सुटताना ते ऑइल ब्रीदरमधून (हवा जायच्या भोकातून) उडून मागच्या टायरवर येतं, आणि पहिल्याच धावेत गाडी आडवी जाते.