घरचं हमस: तेल कमी, तरी एकदम मऊ

घरी हमस, म्हणजे काबुली चणे वाटून केलेलं डिप, केलं की ते रवाळ होतं, जरा कडवट लागतं, आणि मग मऊ व्हावं म्हणून आपण मिक्सरमध्ये तेल ओतत राहतो, असं बऱ्याच जणांचं होतं, माझंही सुरुवातीला बरेच दिवस असंच चाललं होतं. म्हणून आधीच सांगते, हमसला जो लोण्यासारखा मऊपणा येतो तो तेलाने येतच नाही. तो येतो चणे अगदी लगदा होईपर्यंत शिजवल्याने आणि ताहिनी, म्हणजे वाटलेल्या तिळाची पेस्ट, गार पाण्यात नीट फेटल्याने. लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाईन या पट्ट्यात जे हमस करतात त्यात आत तेल बहुतेक नसतंच, ऑलिव्ह ऑइल असतं ते वरून, वाढताना. विकतच्या डब्यावरची यादी वाचलीत तर पुष्कळदा सूर्यफुलाचं नाहीतर सोयाबीनचं तेल आत घातलेलं दिसेल. ऑलिव्ह ऑइलच्या एका मोठ्या चमच्यात साधारण १२० कॅलरी असतात, आणि तिळात निम्मं तेलच असतं, म्हणजे ताहिनी घातली की तेल आलंच, परत वेगळं कशाला?

आता चणे. २०० ग्रॅम काबुली चणे घ्या, शक्यतो बारीक दाण्याचे आणि फार जुने नसलेले, कारण वर्षभर डब्यात पडलेले चणे कितीही शिजवा आत कणी राहते. भरपूर पाण्यात १० ते १२ तास भिजवा, दुप्पटीपेक्षा जास्त फुगतात म्हणून भांडं मोठं घ्या. भिजवायच्या पाण्यात अर्धा छोटा चमचा खाण्याचा सोडा घाला. सोड्याने पाणी अल्कधर्मी होतं आणि चण्यातलं पेक्टिन, म्हणजे पेशी एकमेकींना धरून ठेवणारा जो चिकटा असतो तो, सैल पडतो, त्यामुळे सालं पण लवकर मऊ होतात. सकाळी ते पाणी फेकून द्या आणि चणे दोन-तीनदा धुवा, नाहीतर साबणासारखी चव राहते, आणि मीठ कमी खाणाऱ्यांनी तर नक्कीच धुवा कारण सोड्यातही सोडियम असतं.

शिजवताना साधं पाणी. लिंबू, टोमॅटो असलं आंबट काही आत्ता घालायचं नाही, आंबटाने चणे मऊ व्हायचे थांबतात. कुकरमध्ये एक शिट्टी झाली की गॅस बारीक करून २५ ते ३० मिनिटं ठेवा, साध्या पातेल्यात दीड ते दोन तास लागू शकतात आणि वर येणारा फेस काढत राहायचा. शिजलेत का हे बघायला एक चणा अंगठा आणि बोट यांच्यात दाबायचा, जोर न लावता त्याचं पीठ झालं पाहिजे. "शिजलाय पण दाणा अख्खा आहे" ही अवस्था भाजीला, सॅलडला छान, हमसला नाही. इथे चणे जरा जास्तच शिजलेले हवेत, पाण्यात फुटून तरंगायला लागले तरी चालतं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त हमस बिघडतं ते इथेच, लोकांना वाटतं झालं आता आणि ते दहा मिनिटं आधी गॅस बंद करतात.

सालं काढायची का? सोडा वापरून नीट शिजवलंत तर गरज नाही, आणि सालात फायबर असतं ते उगाच घालवायचं कशाला. पाहुणे येणार आहेत आणि एकदम रेशमी हवंय तर चणे पाण्यात हलकेच चोळा, सालं वर तरंगतात, ती काढून टाका. डब्यातले तयार चणे असतील तर आधी चाळणीत चांगले धुवा, मिठाचा बराच भाग निघून जातो, आणि मग चिमूटभर सोडा घालून १५-२० मिनिटं उकळून परत धुवा, नुसते डब्यातून काढून वाटलेत तर रवाळच होणार.

ताहिनी विकतची घ्यायची तर यादीत फक्त तीळ असलेली घ्या. घरी करायची तर १०० ग्रॅम सालं काढलेले पांढरे तीळ मंद आचेवर ४-५ मिनिटं, वास सुटेपर्यंतच परतायचे. रंग बदलायची वाट बघू नका, तीळ तांबूस झाले की कडवटपणा आलाच आणि तो नंतर लिंबानेही जात नाही. कोमट झाले की मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवा, कडेचं खाली ढकलत राहा, आधी कोरडी पूड होते, मग ओलसर गोळा, मग हळूहळू पातळ. फारच अडलं तर एक-दोन चमचे कुठलंही सौम्य तेल घाला, मिक्सर गरम झाला तर थांबा.

लसूण कच्ची घालतात आणि मग दुसऱ्या दिवशी हमसला नुसता लसणाचा उग्र वास येतो. यावर एक सोपी गोष्ट आहे, दोन पाकळ्या ठेचून ३ मोठे चमचे लिंबाच्या रसात आणि पाऊण छोटा चमचा मिठात १० मिनिटं भिजत ठेवायच्या. लसूण ठेचली की त्यातलं एक एन्झाइम कामाला लागून तो झणका तयार होतो, लिंबाच्या आंबटपणाने ते एन्झाइम मंदावतं, चव राहते आणि जळजळ जाते. मग रस गाळून घ्या, चोथा टाकून दिला तरी चालेल.

आता मिक्सरमध्ये आधी ताहिनी आणि हा लसणाचा लिंबूरस फिरवा, चणे नंतर. सुरुवातीला ताहिनी घट्ट, गोळा गोळा होईल, फाटल्यासारखी दिसेल आणि तुम्हाला वाटेल गेलं सगळं, पण घाबरून तेल घालू नका. बर्फाचं गार पाणी एकेक चमचा घालत फिरवत राहा, ५-६ चमच्यांनंतर ती अचानक सैल होते, पांढरी आणि फेटलेल्या क्रीमसारखी हलकी होते, मला अजूनही दर वेळी बघायला छान वाटतं. ताहिनी किती? चवीला १०० ग्रॅम सगळ्यात भारी, कॅलरी बघायच्या असतील तर ७० ग्रॅमपर्यंत उतरा, त्याखाली नको, मग ती नुसती चण्याची चटणी लागते. अजून हलकं हवं असेल तर दोन चमचे घट्ट दही घाला, पारंपरिक नाही पण चव चांगली लागते.

मग निथळलेले चणे, गरम असतानाच, आणि पाव छोटा चमचा जिरेपूड. पूर्ण ४-५ मिनिटं फिरवा, घड्याळ लावून, कारण मिनिटभरात गुळगुळीत दिसायला लागतं आणि आपण थांबतो. लागेल तसं अजून गार पाणी. फ्रिजमध्ये गेल्यावर ते घट्ट होतं म्हणून तुम्हाला हवंय त्यापेक्षा जरा सैलच ठेवा. मीठ शेवटी चाखून बघा, कमी वाटलं तर आधी लिंबू वाढवा, बऱ्याचदा मिठाची नाही आंबटाचीच कमी असते. वाढताना मध्ये खळगा करून एक छोटा चमचा ऑलिव्ह ऑइल, लाल तिखट, पार्सली किंवा कोथिंबीर. तेल वर असलं की जिभेला आधी तेच लागतं, त्यामुळे थोडक्यात भागतं.

याच पद्धतीने बाकीचे डिप पण होतात. बीट उकडून चण्यांबरोबर वाटलं की सुंदर गुलाबी हमस. पण अरबीत हमस म्हणजे चणाच, तेव्हा चण्याशिवायच्या डिपला हमस म्हणणं मला पटत नाही, पांढऱ्या बीन्सचं किंवा मटारचं केलं तर ते त्याच्या नावाने छानच लागतं. बीन्स वापरताना मात्र, राजमा तर विशेषच, भिजवलेलं पाणी फेकून नव्या पाण्यात किमान १० मिनिटं खळखळ उकळायलाच हवं, अर्धवट शिजलेल्या राजम्यातल्या लेक्टिन नावाच्या प्रथिनाने उलट्या-जुलाब होऊ शकतात.

बाबा गनुश, म्हणजे भाजलेल्या वांग्याचं डिप, त्यासाठी वांगं थेट आचेवर साल काळी पडून आत पार बसेपर्यंत भाजा, सोलून गर चाळणीत अर्धा तास निथळू द्या. ही पायरी सोडू नका, पाणी राहिलं की डिप पातळ आणि फिकं होतं. मग काट्याने कुस्करा, मिक्सर नको, त्यात चिकट होतं, आणि ताहिनी, लिंबू, लसूण घाला. ताहिनी इथे २ चमचे पुरते, म्हणून हे हमसपेक्षा बरंच हलकं. मुहम्मरा हा सीरियातल्या अलेप्पोचा, भाजून सोललेली लाल ढोबळी मिरची, अक्रोड, थोडा ब्रेडचा चुरा आणि डाळिंबाचा आटवलेला रस, तो जरा दाणेदारच ठेवायचा. आणि काहीच वेळ नसेल तर रात्री दही फडक्यात टांगून ठेवा, सकाळी मीठ, पुदिना, वरून थोडं ऑलिव्ह ऑइल, झालं लबनेह.

हेल्दी म्हणून केलेलं हमस तळलेल्या चिप्सबरोबर खाल्लं तर सगळी मेहनत वाया, गाजर, काकडी, ढोबळी मिरचीचे तुकडे, भाजलेली पोळी घ्या. आणि तिळाची ॲलर्जी असणारे असतात, कुणाला वाढण्याआधी विचारा.

काचेच्या डब्यात घट्ट झाकण लावून हमस फ्रिजमध्ये ४-५ दिवस राहतं, दर वेळी कोरडा स्वच्छ चमचा. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. जास्त केलं असेल तर छोट्या डब्यांत फ्रीझ करा, दोन-तीन महिने चालतं, आदल्या रात्री फ्रिजमध्ये उतरवायचं आणि खाताना चमचाभर गार पाणी, थोडं लिंबू घालून परत फेटायचं.