पॅडलचे फेरे मोजा, मगच नाडीवर विश्वास ठेवा

सायकलवर तुमची 'दम लागण्याची पातळी' (म्हणजे ज्या नाडीच्या वर जोर फार वेळ टिकत नाही ती) काढायला २० मिनिटांची, टिकेल तितक्या जोरात सायकल मारायची चाचणी देणार असाल, तर आधी पॅडलचे फेरे ठरवा. सेन्सर नसला तरी चालतं: उजवा गुडघा १५ सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजायचं आणि चारने गुणायचं. २२ वेळा आला, तर मिनिटाला ८८ फेरे.

ताकद म्हणजे पॅडलवरचा जोर गुणिले फेरे. २०० वॅट ६० फेऱ्यांवर काढण्याऐवजी ९० वर काढले, तर प्रत्येक फेऱ्यातला जोर एक तृतीयांशाने कमी होतो. मांड्यांवरचा ताण हलका होतो, पण पाय नुसते फिरवायलाही ऑक्सिजन लागतो, त्यामुळे वॅट तेच असूनही नाडी सहसा थोडी चढलेली दिसते. फेरे कमी ठेवले की उलट: श्वास ताब्यात, मांड्या मात्र पेटलेल्या. म्हणून सपाट रस्त्यावर ९० फेऱ्यांनी काढलेला नाडीचा आकडा पुण्याजवळच्या बोपदेव घाटात ६० वर रखडताना जसाच्या तसा लावू नका. तिथे नाडी दाखवणारं घड्याळ 'अजून वाव आहे' म्हणतं आणि पाय केव्हाच संपलेले असतात. (हे मी स्वतःच्या मांड्यांवर शिकलोय.)

चढ सुरू होण्याआधीच पुढे लहान, मागे मोठी चकती घ्या. जोर पडल्यावर गिअर बदलला तर साखळी करकरते, कधी उतरतेही. फेरे ७०च्या वर राहिले तर उत्तम. खोगीरावर बूड उडायला लागलं, की समजा फेरे जास्त झाले.

पुढची चाचणीही त्याच फेऱ्यांवर द्या.