स्वालबार्डला हिवाळ्यात फोटो काढायला जाताय? मग माणसं टिपा

स्वालबार्ड म्हणजे उत्तर ध्रुवाकडची नॉर्वेची बेटं. तिथले हिवाळ्यातले बरेच फोटो म्हणजे नुसता बर्फ आणि वर हिरवा ऑरोरा (आकाशातला ध्रुवीय प्रकाश), माणूस कुठेच नाही. मला तर तिथली खरी मजा माणसांतच वाटते, जाडजूड स्कूटर सूटमधले (स्नोमोबाईलवर घालायचा उबदार सूट) टुरिस्ट, पाठीला रायफल लावलेला गाइड, अंधारात ओळीने जाणाऱ्या स्नोमोबाईलचे, म्हणजे बर्फावरच्या स्कूटरचे, दिवे. एवढ्या मोठ्या डोंगरापुढे एक माणूस उभा असला की डोंगर केवढा ते लगेच कळतं.

आधी महिना ठरवा. लाँगइयरब्येन हे तिथलं मुख्य गाव ७८ अंश उत्तरेला आहे, ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य वर येतच नाही, आणि डोंगर आड येत असल्याने गावात ऊन पोचायला ८ मार्च उजाडतो. ऑरोराच हवा असेल तर डिसेंबर-जानेवारी, तेव्हा भर दुपारीसुद्धा दिसू शकतो. ॲपर्चर एफ २.८, आयएसओ १६०० ते ३२००, शटर ५ ते १० सेकंद यापासून सुरू करा, फोकस मॅन्युअल करून एखाद्या ताऱ्यावर लावा. पण माणसांसाठी मी फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडाच सांगेन, काय निळा-गुलाबी उजेड असतो तेव्हा! व्हाइट बॅलन्स (रंगछटेचं सेटिंग) ऑटोवर राहिला तर कॅमेरा तो निळेपणा घालवून टाकतो, म्हणून डेलाइटवर ठेवा आणि रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा. फ्रेममध्ये बर्फ जास्त असेल तर एक्स्पोजर साधारण १ स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड) वाढवा, नाहीतर बर्फ राखाडी येतो.

कुत्र्यांच्या स्लेजचा बेस्ट फोटो निघायच्या आधी मिळतो, तेव्हा ती नुसती उड्या मारत भुंकत असतात, खाली बसा, कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला आणा आणि उजेड असेल तर शटर १/१००० ठेवा. स्लेज तुम्ही चालवत असाल तर फोटोसाठी हँडल सोडायचं नाही म्हणजे नाही.

गावाबाहेर गाइडसोबतच जा, आणि फोटोसाठी कुठे थांबायचंय ते त्याला निघतानाच सांगा. पोलर बेअरचा क्लोजअप विसरा, २०२५ पासून १ मार्च ते ३० जून ५०० मीटर आणि बाकी वर्षभर ३०० मीटर लांब राहायचा नियम आहे, आणि तो योग्यच आहे, आपल्या फोटोसाठी त्याला कशाला पळवायचं? ड्रोन घरीच ठेवा, विमानतळापासून ५ किलोमीटरच्या आत बंदी आहे आणि गाव त्यातच येतं.

थंडीत बॅटरी भराभर उतरते म्हणून जादाच्या बॅटऱ्या आतल्या खिशात अंगाशी ठेवा. हातात आधी पातळ ग्लोव्हज, वरून जाड मिटन, उघड्या बोटांनी ट्रायपॉडचा धातू धरू नका, आणि लेन्सवर फुंकर तर अजिबात मारू नका, बर्फच जमतो. परत आलात की दाराबाहेरच कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा, नाहीतर आतल्या उबेत लेन्सवर पाणी धरतं, दोनेक तास तरी उघडू नका. मेमरी कार्ड तेवढं आधीच काढून घ्या, म्हणजे तोवर फोटो बघता येतील.