ड्वार्फ हॅमस्टर पाळताय? खर्चाच्या आणि देखभालीच्या या चुका टाळा

ड्वार्फ हॅमस्टर घ्यायला गेलेला माणूस आधी हॅमस्टरची किंमत विचारतो. ती खिशाला झेपली की सोबत एक रंगीत पिंजरा, दाण्यांचं पाकीट आणि पाण्याची बाटली घेऊन घरी येतो. हिशेब इथेच चुकतो. या प्राण्याच्या उभ्या आयुष्यातल्या खर्चात त्याची स्वतःची किंमत ही सगळ्यात लहान रक्कम असते. मोठे खर्च तीन: राहायची जागा, सतत लागणारं बेडिंग (तळाला पसरायचा भुसा किंवा कागदाचा लगदा) आणि डॉक्टर. नेमका या तिघांवरच हात आखडता घेतला जातो. वाचलेले पैसे मग खेळण्यांवर, गोड खाऊवर आणि काही महिन्यांनी दुसऱ्या पिंजऱ्यावर जातात.

हॅमस्टर जगतो साधारण दीड ते दोन वर्षं, रोबोरोव्स्की जातीचा असेल तर कधीकधी तीनही. म्हणून खर्चही थोडाच, असं वाटतं. पण आयुष्य आखूड म्हणजे म्हातारपणही लवकर येणार. वर्ष-दीड वर्षातच गाठी, दात, डोळे यांच्या तक्रारी सुरू होऊ शकतात.

जात न विचारता घेणं

‘ड्वार्फ’ या एका नावाखाली मुख्यतः तीन जाती विकल्या जातात: कॅम्पबेल, विंटर व्हाइट आणि रोबोरोव्स्की. चायनीज हॅमस्टरही त्यांच्याच शेजारी ठेवलेला असतो, पण तो वेगळ्या गटातला. पहिल्या दोन जाती आठ-दहा सेंटिमीटर लांबीच्या. रोबोरोव्स्की त्यांच्या निम्म्याहून थोडा मोठा, वजन वीस-पंचवीस ग्रॅम, आणि वेग असा की हातात घेऊन गोंजारायचा विचार सोडूनच द्यावा. लहान मुलांसाठी रोबोरोव्स्की आणला तर मुलंही हिरमुसतात आणि हॅमस्टरही भेदरतो. तो बघण्याचा प्राणी आहे.

जातीचा संबंध आजाराशीही आहे. कॅम्पबेलमध्ये मधुमेहाची प्रवृत्ती ठळक दिसते. कॅम्पबेल आणि विंटर व्हाइट यांचा संकर सर्रास होतो आणि विकणाऱ्यालाही तो ओळखता येत नाही. त्यामुळे घरात आलेला ड्वार्फ हॅमस्टर मधुमेहाच्या जोखमीतला आहे असं धरून चालणं शहाणपणाचं. खाण्याचा विचार करताना हे लागेलच.

काही ठिकाणी हॅमस्टर पाळण्यावर कायद्यानेच बंदी आहे. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतलं हवाई ही त्यातली ठळक नावं. आपण राहतो तिथला नियम आधी बघून घ्यावा.

छोटा, मजली, रंगीत पिंजरा

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. दोन-तीन मजले, नळ्या, घसरगुंडी असा पिंजरा आपल्या डोळ्यांना भरतो. पण हॅमस्टर हा जमिनीवर पळणारा आणि जमीन उकरणारा प्राणी आहे. मंगोलिया, कझाकस्तान, सायबेरिया इथल्या गवताळ आणि वाळवंटी पट्ट्यातून हे प्राणी आले. तिथे ते रात्री लांबवर भटकतात आणि दिवसा बिळात राहतात. उंचीचा त्यांना उपयोग नाही. उलट त्यांची नजर अधू असते, खोलीचा अंदाज येत नाही आणि वरच्या मजल्यावरून पडून पाय मोडतो.

जर्मनीतल्या प्राणीकल्याणासाठी काम करणाऱ्या पशुवैद्यकांच्या संघटनेने हॅमस्टरसाठी किमान १०० × ५० सेंटिमीटर तळ आणि ५० सेंटिमीटर उंची सुचवली आहे. हे आकडे ऐकून पुष्कळ जण दचकतात. एवढ्याशा जिवाला एवढी जागा कशाला, हा प्रश्न ठरलेला. त्याचं उत्तर हॅमस्टरच देतो: जागा अपुरी असली की तो गज कुरतडतो, एकाच कोपऱ्यात उड्या मारत राहतो, एकाच रेषेत येरझारा घालतो. मालक म्हणतात, “किती खेळकर आहे बघा!” ही खेळाची लक्षणं नव्हेत, ताणाची आहेत.

गजांचा पिंजरा असेल तर दोन गजांमधलं अंतर मोजा. ड्वार्फसाठी ते एक सेंटिमीटरपेक्षा बरंच कमी हवं, आणि रोबोरोव्स्कीसाठी सहा-सात मिलिमीटर. डोकं गेलं की अंगही जातं. काचेची जुनी मासेटाकी, वर हवा खेळेल असं जाळीचं झाकण, ही व्यवस्था बहुतेकदा नव्या पिंजऱ्यापेक्षा स्वस्तात होते आणि बेडिंगही बाहेर सांडत नाही.

बेडिंगचा पातळ थर

तळाला दोन बोटं भुसा पसरला म्हणजे काम झालं, असं समजलं जातं. हॅमस्टरला बोगदा खणता आला पाहिजे आणि तो ढासळता कामा नये. त्यासाठी निदान वीस-पंचवीस सेंटिमीटर थर हवा, तोही थोडा दाबून बसवलेला. स्वित्झर्लंडमध्ये सोनेरी हॅमस्टरवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १०, ४० आणि ८० सेंटिमीटर बेडिंगची तुलना केली होती. १० सेंटिमीटरवाले हॅमस्टर गज सर्वांत जास्त कुरतडत होते. ते हॅमस्टर मोठ्या जातीचे होते हे खरं, पण उकरण्याची ओढ ड्वार्फमध्येही तितकीच असते.

कागदाच्या लगद्याचं किंवा अॅस्पेन लाकडाचं, धूळ कमी असलेलं बेडिंग घ्या. सीडर आणि प्रक्रिया न केलेल्या पाइनचा सुगंधी भुसा टाळा, त्यातल्या तेलांचा श्वसनमार्गाला त्रास होतो. ‘मऊ घरटं’ म्हणून विकला जाणारा कापसासारखा तंतुमय पुंजका तर घरात आणूच नका. त्याचे धागे पायाला आवळले जातात, पोटात गेले तर आतडं अडतं. साधा, बिनवासाचा टिश्यू पेपर फाडून दिला की हॅमस्टर स्वतःचं घरटं स्वतः करतो, आणि खर्च जवळपास शून्य.

थर जाड ठेवला की खर्च वाढेल, असं वाटणं स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात उलट होतं. पातळ थर लगेच ओला होतो, वास मारतो आणि आठवड्याला सगळा फेकावा लागतो. जाड थरात रोज किंवा एक दिवसाआड फक्त लघवीचा ओला भाग काढून टाकला तरी पुष्कळ दिवस निभावतं.

अति स्वच्छता

वास येतो म्हणून पिंजरा धुतला, धुतला म्हणून हॅमस्टर बिथरला, बिथरला म्हणून त्याने सगळीकडे पुन्हा खूण केली, म्हणून वास वाढला. हे चक्र ओळखीचं वाटत असेल तर दोष साफसफाईचाच आहे. हॅमस्टर आपली जागा वासाने ओळखतो. सगळं एकदम बदललं की त्याच्या लेखी तो परक्या घरात येऊन पडतो. बेडिंग बदलताना निदान निम्मं जुनं, कोरडं बेडिंग परत मिसळा आणि घरटं शक्यतो जागच्या जागी राहू द्या. साठवलेल्या दाण्यांची रास दिसली तर त्यातला ओला, कुजणारा तुकडा तेवढा काढा. सगळा साठा उचलला तर तो घाबरून आणखी जोमाने साठवत बसतो.

अंग स्वच्छ करायला पाण्याने अंघोळ कधीही नको. अंग गार पडून जीव जाऊ शकतो. उथळ भांड्यात कोरडी, स्वच्छ वाळू ठेवा, तो लोळून घेईल. पुष्कळ हॅमस्टर तिथेच लघवीही करतात, म्हणजे तुमचं काम आणखी हलकं. मात्र चिंचिला या दुसऱ्या कुरतडणाऱ्या पाळीव प्राण्यासाठी विकली जाणारी पिठासारखी पूड घेऊ नका, ती फुप्फुसांत जाते.

चाक आणि चेंडू

चाक ही चैन नव्हे. रात्रीत काही किलोमीटर पळण्याची या प्राण्याची क्षमता असते. पिंजऱ्यासोबत फुकट आलेलं चाक बहुतेकदा लहान असतं आणि त्यात पळताना पाठ वाकते. ड्वार्फसाठी साधारण २० सेंटिमीटर व्यासाचं चाक घ्या. पळायचा पृष्ठभाग सलग हवा, तारांचा नको, त्यात पाय अडकतो. पळताना पाठ सरळ दिसते का, एवढंच बघा. चाक करकरत असेल तर आसावर थोडं खाद्यतेल लावा, बाजारातलं वंगण नको.

हॅमस्टरला आत घालून फरशीवर सोडायचा प्लास्टिकचा चेंडू मात्र पैसे वाया घालवण्याचा उत्तम मार्ग आहे. आत हवा कमी, बाहेरचं दिसत नाही, थांबायचं म्हटलं तर थांबता येत नाही, आणि भिंतीवर आपटणं ठरलेलं.

खाऊ घालून प्रेम करणं

रोजचं खाणं चहाच्या चमच्याने एक-दोन चमचे: चांगल्या प्रतीचं बियांचं मिश्रण आणि थोड्या पेलेट, म्हणजे दाबून बनवलेल्या तयार खाद्याच्या गोळ्या. फक्त मिश्रण दिलं तर तो सूर्यफुलाच्या बिया निवडून खातो, बाकीचं टाकतो आणि लठ्ठ होतो. वाटी रिकामी झाली म्हणजे पोट भरलं, असंही समजू नका. सगळं गालांच्या पिशव्यांतून कोठारात गेलेलं असतं.

मधुमेहाची जोखीम लक्षात घेता फळं, मधाच्या कांड्या, दह्याच्या गोळ्या हे सगळं टाळलेलं बरं. काकडी, ब्रोकोलीचा नखाएवढा तुकडा चालतो. प्रथिनांसाठी अधूनमधून एखादा वाळवलेला मीलवर्म (भुंग्याची अळी) किंवा उकडलेल्या अंड्याचा कण पुरतो. कांदा, लसूण, चॉकलेट, लिंबूवर्गीय फळं नकोत. पाणी नेहमीपेक्षा झपाट्याने संपतंय, बेडिंग जास्त भिजतंय, वजन उतरतंय, असं तिन्ही एकत्र दिसलं तर मधुमेहाची तपासणी करून घ्या.

जोडी आणणं

“एकटा कंटाळेल” म्हणून दोन घेतले जातात. नर-मादी असतील तर गर्भकाळ अवघा १८ ते २२ दिवसांचा, आणि पिल्लं झाल्यावर चोवीस तासांत मादी पुन्हा गाभण राहू शकते. पिल्लं चार-पाच आठवड्यांत स्वतःच प्रजननक्षम होतात. एका जोडीचा खर्च किती पिंजऱ्यांवर जाईल, याचं गणित कागदावर मांडून बघा.

एकाच लिंगाची भावंडं काही काळ नांदतात, विशेषतः रोबोरोव्स्की, पण एका रात्रीत बिनसू शकतं. एक दुसऱ्याला खाण्यापासून हाकलतोय, किंचाळण्याचा आवाज येतोय, अंगावर जखम आहे, असं काहीही दिसलं की त्याच दिवशी वेगळे करा. ते परत जुळत नाहीत. म्हणजे दोन हॅमस्टर घेणाऱ्याने दोन पूर्ण आकाराच्या पिंजऱ्यांची आणि दोन चाकांची तयारी पहिल्यापासूनच ठेवायला हवी. माझं मत विचाराल तर एकच घ्या.

झोपमोड

चावतो, अशी तक्रार येते तेव्हा बहुतेकदा त्याला दिवसा झोपेतून उचललेलं असतं, किंवा वरून झडप घातल्यासारखा हात आलेला असतो. वरून येणारं काहीही त्याच्या लेखी शिकारी पक्षी. संध्याकाळी तो जागा झाल्यावर हात धुऊन, खाऊचा वास नसलेला तळवा पिंजऱ्यात सपाट ठेवा आणि त्यालाच येऊ द्या. उचलायचंच तर जमिनीवर बसून, ओंजळीत. चाव्यानंतर श्वास लागला, अंगावर गांधी उठल्या तर लगेच दवाखाना गाठा. हॅमस्टरच्या चाव्याने तीव्र अॅलर्जी झाल्याच्या नोंदी आहेत.

मेला की झोपला?

गारठ्यात ड्वार्फ हॅमस्टर सुस्तावस्थेत जाऊ शकतो. अंग थंड, श्वास इतका मंद की दिसतही नाही. अशा अवस्थेत काहींना मेलेलं समजून पुरलंही जातं. मिशा किंचित हलताहेत का बघा, हातांच्या उबेत किंवा उबदार खोलीत हळूहळू गरम करा. हीटरसमोर किंवा गरम पाण्यात अजिबात नको. अर्ध्या-एक तासात हालचाल दिसली नाही तर डॉक्टरकडे. हे टाळायचं तर खोली साधारण १८ ते २४ अंशांत ठेवा. तीसच्या वर गेल्यास उष्माघाताचा धोका. त्या दिवसांत गोठवलेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून पिंजऱ्याच्या एका टोकाला ठेवा, सिरॅमिकची फरशी आत ठेवा, पण पंख्याचा झोत थेट नको.

कशाला घाबरायचं, कशाला नाही

नराच्या पोटावर मध्यभागी पिवळसर, खपलीसारखं काही दिसलं की लोक जखम समजून खरवडतात. ती बहुधा वासाची ग्रंथी असते, तिला हात लावू नका. म्हाताऱ्या हॅमस्टरचा डोळा झोपेतून उठल्यावर चिकटलेला असेल तर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने हलकेच पुसून बघा. वारंवार होत असेल तर दाखवा.

शेपटीखाली ओलं, जुलाब, अंग आक्रसून बसणं, श्वासात टकटक आवाज, मादीला दुर्गंधीयुक्त स्राव, खाणं बंद: यांत एक दिवसही थांबायचं नाही. एवढ्याशा देहातलं पाणी काही तासांत कमी होतं. लाळ गळत असेल किंवा कडक दाणे टाकून देत असेल तर पुढचे दात वाढलेत का बघायला सांगा. ते आयुष्यभर वाढत राहतात.

घरातलं उरलेलं अँटिबायोटिक मात्र चुकूनही देऊ नका. पेनिसिलिन, अॅमॉक्सिसिलिन यांसारखी माणसांना रोज लिहून दिली जाणारी औषधं हॅमस्टरच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारतात आणि त्यातून तो दगावू शकतो. कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक डॉक्टरला हे हाताळायची सवय असतेच असं नाही. म्हणून लहान प्राणी बघणारा डॉक्टर हॅमस्टर आणायच्या आधीच शोधून ठेवा, तपासणीची फी विचारा आणि तेवढी रक्कम दोन वेळा भरता येईल इतकी बाजूला ठेवा. ग्रॅममध्ये मोजणारा स्वयंपाकघरातला काटा घेऊन आठवड्यातून एकदा वजन लिहा. चाळीस ग्रॅमच्या जिवाचे चार ग्रॅम उतरले म्हणजे दहा टक्के गेले, आणि नुसत्या डोळ्याला ते दिसत नाही.

कुठे वाचवावं

जुनी काचेची टाकी, पुठ्ठ्याचे खोके, टिश्यू पेपरच्या आतल्या नळ्या, उकळून वाळवलेली साधी फांदी यांवर बिनधास्त वाचवा. खेळणी विकत घ्यायची गरजच पडत नाही. बेडिंग आणि दाणे मोठ्या पाकिटात स्वस्त पडतात, मात्र दाणे तीन-चार महिन्यांत संपतील एवढेच घ्या, जुने झाले की खवट होतात. वापरलेली टाकी घेताना कोपऱ्यांचं सिलिकॉन बघा, गरम पाण्याने आणि सौम्य साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. चाकही जुनं चालेल, फक्त त्याला तडा गेलेला नसावा.