लहानपणी घाबरवून गेलेला भाग पुन्हा कसा शोधावा

विज्ञानकथांच्या जुन्या दूरचित्रवाणी मालिकांमधला भीतीदायक भाग आठवतो, तेव्हा बहुतेकांना त्याचे नाव आठवत नाही. आठवते ते एखादे दृश्य. विमानाच्या पंखावरचा प्राणी, धमकी देणारी बाहुली, पलंगाजवळच्या भिंतीतून नाहीशी झालेली मुलगी. असा भाग शोधताना त्या दृश्यावर भरवसा ठेवावा, त्याभोवतीच्या कथेवर मात्र ठेवू नये, कारण दृश्य मनात पक्के राहते आणि कथेतली रिकामी जागा आपण पुढे नकळत भरत जातो. म्हणून शोध सुरू करण्याआधी, कोणाला काही विचारण्याही आधी, जे दिसले आणि जे ऐकू आले तेवढेच कागदावर लिहून काढावे. दुसऱ्याचे वर्णन एकदा कानावर पडले की ते आपल्या आठवणीत मिसळते आणि मग वेगळे काढता येत नाही.

यानंतर निवेदक आठवून पाहावा. माझ्या मते हा सर्वांत खात्रीचा पुरावा आहे. काळ्या सुटातला एक गृहस्थ प्रसंगाच्या कडेला उभा राहून प्रेक्षकांशी थेट बोलत असेल, तर तो रॉड सर्लिंग आणि ती मालिका बहुधा ‘द ट्वायलाइट झोन’. सीबीएस या अमेरिकी वाहिनीवर 1959 ते 1964 या काळात तिचे 156 भाग झाले. ते अर्ध्या तासाचे असत; फक्त 1963 मधल्या चौथ्या पर्वाचे भाग तासाभराचे होते. तोच गृहस्थ रंगीत चित्रणात, टांगलेल्या चित्रांमध्ये उभा दिसला असेल, तर ती सत्तरच्या दशकातली ‘नाइट गॅलरी’ होय. माणूस दिसतच नसेल आणि तुमच्या दूरचित्रवाणी संचाचा ताबा आम्ही घेतला आहे असे नुसता आवाज बजावत असेल, तर ती 1963 ते 1965 मध्ये एबीसी या अमेरिकी वाहिनीवर लागलेली ‘द आउटर लिमिट्स’. माणसासारखे चेहरे असलेल्या मुंग्या ज्यांना आजही आठवतात, त्यांनी तिथे ‘द झँटी मिसफिट्स’ हा भाग पाहावा.

रंगाचा पुरावा मात्र एकाच बाजूने उपयोगी पडतो. रंग स्पष्ट आठवत असेल तर कृष्णधवल मालिका वगळता येतात, पण कृष्णधवल आठवते म्हणून मालिका तशीच होती असे ठरत नाही. ‘स्टार ट्रेक’ 1966 पासून रंगीतच होती. भारतात रंगीत प्रक्षेपण 1982 मध्ये आले आणि त्यानंतरही कित्येक घरांत जुनाच संच होता, त्यामुळे दूरदर्शनवर ती पाहिलेल्या अनेकांच्या मनात ती करड्या छटांतच राहिली असणार.

पुनर्निर्मितीचाही घोटाळा होतो. ‘नाइटमेअर ॲट ट्वेंटी थाउजंड फीट’ हा रिचर्ड मॅथेसन यांनी लिहिलेला ‘द ट्वायलाइट झोन’चा भाग ऑक्टोबर 1963 मध्ये लागला. त्यात अभिनेता विल्यम शॅटनर विमानाच्या खिडकीचा पडदा सरकवतो आणि काचेला चिकटलेला चेहरा समोर येतो; तो प्राणी केसाळ आहे. हीच कथा 1983 च्या ‘ट्वायलाइट झोन: द मूव्ही’ या चित्रपटात जॉन लिथगोला घेऊन पुन्हा चित्रित झाली आणि तिथला प्राणी ओला, बुळबुळीत आहे. केस आठवतात की बुळबुळीतपणा, एवढ्यावर निकाल लागतो.

निवेदकच नसेल तर राक्षसाच्या वागण्यावरून शोधावे. एक चमकता डोळा, माणसांना ओढून घेणाऱ्या सोंडा आणि बाहेर फेकलेली वाफाळती प्रेते हे सारे ‘स्पेस: 1999’ मधल्या ‘ड्रॅगन्स डोमेन’ या 1975 च्या भागातले आहे. अळ्यांची भीती बसली असेल तर ‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या मालिकेतली 1973 मधली ‘द ग्रीन डेथ’ ही कथा पाहावी.

नाव सापडल्यावर भाग सुरुवातीपासून पाहावा, थेट त्या दृश्यावर जाऊ नये. ‘द ट्वायलाइट झोन’च्या 1960 मधल्या ‘आय ऑफ द बिहोल्डर’ या भागात रुग्णाच्या चेहऱ्यावरची शेवटची पट्टी सुटेपर्यंत सावल्या आणि कॅमेऱ्याचे कोन सगळ्यांचे चेहरे किती शिताफीने लपवतात, हे पाहिल्याशिवाय त्या शेवटाचा धक्का कळत नाही.

कधी कधी सगळे पुरावे जुळूनही चित्र मिळत नाही. बीबीसीने जुन्या फिती पुसून पुन्हा वापरल्या, त्यामुळे साठच्या दशकातल्या ‘डॉक्टर हू’चे कितीतरी भाग हरवले आहेत. लंडनच्या भुयारी रेल्वेतले यती ज्यांना आठवतात, त्यांची कथा म्हणजे 1968 ची ‘द वेब ऑफ फिअर’. तिचे बरेचसे भाग 2013 मध्ये नायजेरियातून परत मिळाल्याचे जाहीर झाले, तिसरा मात्र मिळाला नाही. तरी हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज शिल्लक आहे, कारण त्या काळी काही प्रेक्षकांनी घरी संचासमोर ध्वनिमुद्रण करून ठेवले होते. तो तिसरा भाग हेडफोन लावून ऐकावा आणि मग चौथ्याकडे वळावे.